धुकं, ट्रॉली आणि सतरा तारखा

गेल्या खेपेला हुलग्याच्या कढणावर लिहिलं, तेव्हा चार-पाच वाचक भगिनींनी फोन करून आपापल्या घरची रीत सांगितली. ती सगळी जमवून या वेळी लिहायचं मनात होतं. पण मंगळवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात पोलिसांचा कागद, तोंड उतरलेलं. आठ दिवसांमागं पहाटेच्या धुक्यात त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली होती. मागं बसलेल्या मित्राचा गुडघा फुटला. याला फक्त खरचटलं.

"सर, सगळे म्हणतात कोर्टात जाऊन कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. तुमची पण अशीच केस झाली होती म्हणे. तुम्ही का नाही भरला?"

कढण राहू दे पुढच्या खेपेला. त्या पोराला मी तासभर बसवून जे सांगितलं तेच आज इथं लिहितो. आपल्या भागात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गळीत हंगाम असतो, धुकंही त्याच दिवसांत पडतं, आणि वाचकांपैकी निम्मे तरी पहाटेचे रस्त्यावर असतात.

माझी गोष्ट जानेवारी २०१८ ची. संक्रांतीचा आठवडा. हिच्या माहेरी चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता आणि मुहूर्त सकाळी नऊचा. बेळगावहून पन्नास किलोमीटर. ही म्हणाली, सातला निघू. मी म्हटलं, सहालाच निघू, वाटेत एके ठिकाणी चहा घेऊ. (चहाची जागा कुठली ते लिहीत नाही, डॉक्टर ही पुरवणी वाचतात आणि माझी साखर मोजतात.) हायवेला धुकं विरळ होतं. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो, नदी जवळ आली, आणि दोन्ही बाजूंना पाणी पाजलेला ऊस सुरू झाला तसा समोरचा रस्ता पुसल्यासारखा नाहीसा झाला. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. तिथले हवालदार अजून नोकरीत असतील, आणि माणूस वाईट नव्हता.

मी छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवलं. धुकं कसं पडतं हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगत होतो. रात्री आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा निवते, आणि जिथं ओल आहे, म्हणजे नदीकाठ, भिजवलेली शेतं, तिथं वाफेचे बारीक थेंब होतात. सूर्य उगवला की धुकं लगेच जातं असं नाही. उगवल्यावर अर्धा तास ते उलट दाट होतं, कारण हवा नुसती ढवळली जाते, तापत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी त्या पहाटे गाडीचा अप्पर लावला होता. धुक्यात अप्पर लावला की उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, हेसुद्धा मीच शिकवलेलं.

ही दोनदा म्हणाली, "अहो, सावकाश." मी पाय थोडा सैल केला. मग चाकाखाली काहीतरी कडाडलं, आणि त्याच क्षणी समोर उसाची भिंत उभी राहिली. ब्रेक दाबला, रस्ता दवानं ओला, गाडी सरकत गेली आणि ट्रॉलीच्या मागच्या अंगाखाली बॉनेट घुसलं. हिचं कपाळ पुढच्या फळीवर आपटलं. चार टाके पडले आणि डावं मनगट मुरगळलं. मला काही झालं नाही. ते फार वाईट वाटतं, आपल्याला काहीच न होणं.

ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. ट्रॅक्टरवाला पोरगा असेल वीस-एकवीसचा, तिकडच्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला. तो शेकोटीजवळून पळत आला. त्यानंच हिच्या कपाळाला आपला मफलर बांधला. माझा मेहुणा मोटारसायकलवरून आला तोवर सव्वासात झाले असतील. आम्ही दुसऱ्या गाडीनं सरकारी दवाखान्यात गेलो. मेहुणा मागं थांबला, आणि धुकं जरा उठल्यावर, ट्रॉली हलवायच्या आधी, त्यानं आपल्या मोबाईलवर पाच-सहा फोटो काढले. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साखरपुड्याचे काढायला म्हणून मोबाईल नवा घेतला होता, तो इथं कामी आला.

आम्ही टाके घालून घेत होतो तेवढ्या वेळात ट्रॅक्टरचा मालक ठाण्यात जाऊन आला. त्याची फिर्याद आधी झाली: गाडी भरधाव आली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या ट्रॉलीला मागून धडकली. दुपारी मी गेलो तेव्हा हवालदार म्हणाले, "काय होत नाही री सर. पेपर कोर्टाला जातील. तुम्ही यायचं, कबूल म्हणायचं, दंड भरायचा. अर्ध्या तासाचं काम. एवढ्यासाठी वकील कशाला?" मी माझा जबाब लिहून घ्या म्हटलं तर म्हणाले, अर्ज द्या. दुसऱ्या दिवशी दिला. पोच मागायची असते हे सुचलं नाही. पुढं वकिलानं पहिला प्रश्न तोच विचारला: पोच कुठं आहे? मग महिन्यानं तोच मजकूर रजिस्टर पोस्टानं पाठवला. त्या मुलाला मी पहिलं हेच सांगितलं. आपलं म्हणणं त्याच दिवशी लेखी द्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर तेच पोस्टानं पाठवावं.

समन्स आलं ऑगस्टमध्ये. कागद कानडीत. कोर्टाची भाषा कानडी, त्यात नवल नाही. चार मैल पुढं हे झालं असतं तर महाराष्ट्राची हद्द लागून कागद मराठीत आला असता, एवढाच फरक. मला कानडी बोलता येतं, वाचताना अडखळतो. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी वाचून दाखवला. मध्येच ते थांबले आणि हसून म्हणाले, "हा शब्द तुमचाच आहे की." निष्काळजी. आपल्या बाजूच्या कानडी कागदांत हा शब्द सर्रास असतो. अतिवेगानं आणि निष्काळजीपणानं गाडी चालवून, पत्नीस इजा पोचवली, असं त्या कागदाचं म्हणणं. भारतीय दंड संहितेचं कलम २७९, म्हणजे रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणं, आणि ३३७, म्हणजे तशा कृत्यानं दुसऱ्याला दुखापत करणं. पहिल्याला हजार रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्याला पाचशेपर्यंत. दोन्हींत सहा महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली आहे, पण कबूल केल्यावर बहुतेक वेळा दंडावरच भागतं. (१ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिथं हीच कलमं २८१ आणि १२५ झाली आहेत. त्या मुलाच्या कागदावर हे नवे आकडे आहेत म्हणून तो जास्त घाबरला होता.)

म्हणजे दीड हजारात सुटका. साक्षीदारांच्या यादीत तिसरं नाव हिचं. सरकार विरुद्ध मी, आणि सरकारतर्फे साक्षीला माझी बायको. घरात आठ दिवस यावर थट्टा चालली. मुलगी मेलबर्नहून फोनवर म्हणाली, "आई, आता बाबांना तुझ्याशी नीट वागावं लागेल."

मग मी का नाही भरले दीड हजार? त्या मुलाला मी खरं तेच सांगितलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. पोस्टमास्तरांनी तो शब्द वाचला, आणि पत्नीस इजा पोचवली हे वाचलं, आणि कोर्टात उभं राहून त्याला "कबूल" म्हणायला माझी जीभ वळेना. शिवाय ट्रॉली कडेला होती हे धडधडीत खोटं होतं. ती डांबरावर होती, मागं दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये स्पष्ट आहे, की इतरांना धोका होईल अशा रीतीनं सार्वजनिक जागी गाडी किंवा ट्रेलर उभा करू नये. ते कलम कुणाला लागलं नाही. लागलं ते चालत्या गाडीला.

वकील माझा जुना विद्यार्थी निघाला. बीजगणितात कच्चा होता, पण कायद्यात पक्का. पहिल्या तारखेला जामीन. मेहुण्यानं शेताचा उतारा आणून जामीन राहिला. त्यानंतर न्यायाधीशबाईंनी आरोप वाचून विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मी म्हटलं, नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या सकाळी माझ्याआधी अशाच सहा जणांनी कबूल म्हणून पावत्या घेतल्या होत्या. पुढं लोकअदालतीची नोटीस आली, तिथंही हेच: भरा आणि मिटवा. कारकून काकुळतीला आला होता. त्याच्या यादीतली एक केस माझ्यामुळं निकालात निघत नव्हती.

आता यात माझं काय अडकलं ते सांगतो, कारण ते मला सुरुवातीला कळलं नव्हतं. माझा पासपोर्ट ऑक्टोबर २०१८ मध्ये संपत होता. मुलीचं बाळंतपण एप्रिल २०१९ चं. फौजदारी केस चालू असली की पासपोर्ट नाकारता येतो. कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो. वकील म्हणाला, "सर, अर्ज टाकू." अर्ज टाकला, आणि न्यायाधीशबाईंची बदली झाली. कोर्ट दुसऱ्या न्यायाधीशांच्या चार्जवर. चार्जवरच्या कोर्टात निकडीचं तेवढंच चालतं, आणि सासऱ्यानं जावयाच्या घरी नातवाला बघायला जाणं ही काही निकड नव्हे. तेव्हाही एक रस्ता मोकळा होता. कबूल म्हणावं, दीड हजार भरावे, केस संपवावी. ही म्हणाली, "भरून टाका हो. कोण बघतंय?" एकदा नाही, चार-पाच वेळा म्हणाली. मी ऐकलं नाही. मार्च २०१९ मध्ये ती एकटीच गेली. मी तिला विमानतळावर सोडून आलो आणि त्याच आठवड्यात पुढच्या तारखेला हजर राहिलो. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते.

जायच्या आधी, फेब्रुवारीत, तिची साक्ष झाली. नवे न्यायाधीश तरुण, दक्षिणेकडचे, मराठी बेताची समजणारे. ही मराठीत बोलत होती, सरकारी वकील कानडीत सांगत होते, टंकलेखक टाईप करत होता. विचारलं, गाडीचा वेग कसा होता? मला वाटलं ही म्हणेल सावकाश होता, आणि संपलं. ही म्हणाली, "सावकाशच होती. पण त्या धुक्याला तेवढी सावकाश नव्हती."

सावकाश हा शब्द कानडीतही सावकाशच आहे. टंकलेखकानं भाषांतराची वाट न बघता तो टाईप केला. पुढचं वाक्य कागदावर कसं उतरलं कुणास ठाऊक. सरकारी वकील खूश झाले, माझा वकीलही खूश झाला. ज्याला त्याला अर्धं-अर्धं मिळालं. बाहेर आल्यावर मी हिला काही बोललो नाही. एस.टी. स्टँडवर तिनं विचारलं, "चुकलं का माझं?" मी म्हटलं, "नाही."

घरी येऊन मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तोवर वर्षभर मी रस्त्याचा, ट्रॉलीचा, रिफ्लेक्टरचा हिशोब केला होता, माझा केला नव्हता. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर गाडी ११ मीटर तशीच जाते. मग ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी १२-१३ मीटर. एकूण २४ च्या घरात. ताशी ५० असेल तर हेच ३४ मीटर होतं. आणि ताशी २५ असेल तर फक्त १२ मीटर. मला ट्रॉली दिसली ती फार तर पंधरा-वीस मीटरांवरून. म्हणजे पंचविसानं जात असतो तर तिच्या मागं उभा राहून हॉर्न वाजवला असता. मी ज्याला त्याला चाळीस सांगत होतो. बॉनेट जसं चेपलं होतं त्यावरून चाळीसही खरं वाटत नव्हतं. वकिलाला तो कागद दाखवला. तो म्हणाला, "सर, हे घडी घालून खिशात ठेवा आणि खिसा शिवून टाका."

त्याचंही बरोबर होतं. आपण जास्त वेगानं होतो हे आपल्याला वाटणं वेगळं, आणि कायद्यातला निष्काळजीपणा सिद्ध होणं वेगळं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्याच एका ट्रकच्या खटल्यात, कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश, हे सांगून ठेवलं आहे: गाडी वेगात होती एवढ्यानं बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा शाबीत होत नाही, तो पुराव्यानं दाखवावा लागतो, आणि अपघात झाला म्हणजे चूक असलीच पाहिजे असं फौजदारी खटल्यात गृहीत धरता येत नाही. वकिलानं त्या निकालाची प्रत लावली होती. माझ्या केसमध्ये कागदोपत्री पुरावा काय, तर फिर्यादीतला "भरधाव" हा एक शब्द.

आणि पुरावा खरोखर पोकळ होता. पंच साक्षीला आला, कोपऱ्यावरचा चहावाला. पंचनाम्यावरची सही आपली आहे म्हणाला. जागेवर गेला होता का, तर नाही, सही हॉटेलातच केली. नकाशात ट्रॉली डांबराच्या बाहेर दाखवलेली, आणि त्याच पंचनाम्यात काचांचे तुकडे रस्त्याच्या मधोमध पडल्याचं लिहिलेलं. वाहन निरीक्षकाच्या अहवालात गाडीचे ब्रेक ठीक होते, याउपर काही नाही. मेहुण्याचे फोटो कामाला आले, पण सरळ नव्हे. मोबाईलमधला फोटो नुसता छापून आणून चालत नाही. ज्याच्या मोबाईलवर काढला त्यानं पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली दाखला द्यावा लागे, की हा मोबाईल माझा, तो नीट चालत होता, फोटो मीच काढले. आता साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालं आहे, पण भानगड तीच. सुदैवानं मेहुण्यानं तो मोबाईल विकला नव्हता. फोटोत ट्रॉलीची दोन्ही उजवी चाकं डांबरावर स्वच्छ दिसत होती.

ट्रॅक्टरवाल्या पोराची साक्ष जुलैत झाली. हंगाम संपून तो गावी गेला होता, तिथून दीड दिवस प्रवास करून आला. अंगावर धुतलेला पांढरा शर्ट, बहुतेक कुणाचा तरी मागून आणलेला. मालकानं पढवलं होतं तसं "गाडी जोरात आली" म्हणाला. माझ्या वकिलानं उलटतपासणी सुरू केली. मागं दिवा होता? नव्हता. रिफ्लेक्टर? नव्हता. मग खुणेला काय ठेवलं होतंस?

"फांदी ठेवली होती साहेब. बाभळीची. धा पावलांवर."

वकील म्हणाला, पंचनाम्यात फांदी नाही. फोटोत फांदी नाही. तू खोटं सांगतोस.

पोरगा गडबडला. ठेवली होती म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं. न्यायाधीशांकडं नाही, सरकारी वकिलाकडं नाही, माझ्याकडं. मी आरोपीच्या जागी उभा होतो. मला बोलायचा अधिकार त्या वेळी नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो नाही याचं मला बरं वाटलं.

कारण फांदी होती. धडक बसायच्या आधी चाकाखाली कडाडली ती फांदीच. मी वकिलाला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं टाळलं असंही नाही, मनात तो आवाज धडकेच्या आवाजात मिसळून गेला होता. पोरानं फांदी म्हटलं आणि दोन्ही आवाज वेगवेगळे झाले. आपल्याकडं बंद पडलेल्या गाडीमागं फांदी नाहीतर दगड ठेवायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसा ती पुरते. धुक्यात दहा पावलांवरची फांदी म्हणजे काहीच नव्हे. पण त्याच्याकडं होतं तेवढं त्यानं ठेवलं होतं. ट्रॉलीला दिवा बसवणं हे त्याचं काम नव्हतं, मालकाचं होतं.

साक्षी संपल्यावर आरोपीला विचारतात, तुझ्याविरुद्ध जे आलं आहे त्यावर काय म्हणणं आहे. तिथं शपथ नसते. वकिलानं बजावून ठेवलं होतं, प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" एवढंच म्हणायचं. सप्टेंबरात ती तारीख आली. एकेक प्रश्न आला. खोटं आहे. खोटं आहे. मग न्यायाधीशांनी विचारलं, साक्षीदार म्हणतो की त्यानं खुणेसाठी झाडाची फांदी ठेवली होती, यावर काय म्हणणं आहे?

मी म्हटलं, "ते खरं आहे. फांदी होती. चाकाखाली आली तेव्हा कळली."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवलं, मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. टाईप झालं. वकील बाहेर आल्यावर पाच मिनिटं बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?" मला उत्तर देता आलं नाही. त्या पोरानं ऐकलं नसेल, तो तेव्हा पाचशे किलोमीटरवर होता. ज्याला सांगायचं त्याला न सांगता मी ते एका टंकलेखकाला सांगितलं, असं अजूनही वाटतं.

निकाल डिसेंबर २०१९ मध्ये लागला. निर्दोष. पंच फिरला, नकाशा आणि पंचनामा जुळत नाहीत, वेगाचा पुरावा नाही, संशयाचा फायदा आरोपीला. पोस्टमास्तरांनी सगळा निकाल वाचून दाखवला. फांदीचा उल्लेख कुठंही नव्हता. एकूण तारखा सतरा. येण्याजाण्याचा खर्च, कागदपत्रं आणि वकिलानं माझ्याकडून घेतली ती अर्धी फी धरून अठरा हजार सातशे. दंड होता दीड हजार.

पासपोर्ट फेब्रुवारी २०२० मध्ये हातात आला. दोघांची तिकिटं काढली, २८ मार्चची. पुढचं वाचकांना सांगायला नको. ऑस्ट्रेलियानं आपली दारं लावून घेतली, आपली विमानं थांबली, आणि मी नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते एप्रिल २०२२ मध्ये. तो तीन वर्षांचा झाला होता. मांडीवर बसायला तयार नव्हता, फोनमधले आजोबा बाहेर कसे आले म्हणून लांबून बघत राहिला. हिनं तेव्हाही काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तर हे सगळं त्या गल्लीतल्या मुलाला सांगितलं. त्यानं विचारलं, "मग मी भरू की लढू?" मी त्याला उलट विचारलं, तुझ्याकडं फोटो आहेत का, ट्रॉली डांबरावर होती का, पासपोर्टचं किंवा सरकारी नोकरीचं काही चालू आहे का. नोकरीच्या अर्जात कबुली दिलेला गुन्हाही लिहावा लागतो आणि चालू असलेली केसही लिहावी लागते, दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. फोटो आहेत म्हणाला. मी माझ्या वकिलाचा नंबर दिला. जाताना मी आणखी एक विचारलं: किती वेगात होतास?

"चाळीस असेल सर."

मी कागद-पेन्सिल पुढं केली आणि त्याच्याकडूनच हिशोब करून घेतला. दहावीत माझ्याच हाताखाली होता, जमलं त्याला. आकडा बघून गप्प बसला. कागदाची घडी घालून खिशात घातली आणि गेला. पुढं काय करणार आहे ते बोलला नाही, मीही विचारलं नाही.

परवा हिच्या माहेरी पुन्हा जायचं होतं, हुरड्याला. मी सहाला तयार होऊन बसलो. बाहेर धुकं होतं, समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं. हिनं चहा आणून दिला. अर्ध्या तासानं दुसरा दिला, बिनसाखरेचा. साडेआठला ऊन आलं, तेव्हा किल्ली दिली.